‘परोक्ष’ लिहिताना या चुका टाळा

‘माझ्या अपरोक्ष भावानं जमीन विकली.’ असं वाक्य दिसलं की माझा हात आधी त्या ‘अ’वर जातो. परोक्ष म्हणजे अक्षाच्या, डोळ्याच्या पलीकडचं. आपल्या पाठीमागे घडलेलं. अपरोक्ष म्हणजे नेमकं उलट. जमीन माझ्या डोळ्यांदेखत विकली, असं तुम्ही स्वतःच लिहून देता.

अनुपस्थिती, अदृश्य, अप्रत्यक्ष ऐकून ऐकून कानाला वाटतं की गैरहजेरीला ‘अ’ हवाच. पण इथे ते काम ‘पर’नं आधीच केलेलं असतं. पाणिनीचं ‘परोक्षे लिट्’ हे सूत्र बघा: बोलणाऱ्यानं स्वतः न पाहिलेल्या भूतकाळासाठी ‘लिट्’ हा वेगळा लकार, म्हणजे क्रियापदाच्या रूपांचा वेगळा गट. तिथे ‘अ’ नाही.

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात एकदा ‘खजिनदारांच्या अपरोक्ष खर्च मंजूर झाला’ असं आलं. खजिनदार त्या दिवशी गावी होते. लिहिणाऱ्या मुलाला मी आदल्या रात्रीच सांगितलं होतं. ‘काका, सगळे असंच म्हणतात,’ म्हणून त्यानं तसंच छापलं. पुढच्या सभेत खजिनदारांनी हरकत घेतली, तेव्हा एका वकील सभासदानं ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, ‘तुमच्यासमोरच झालंय ना?’ एका अक्षरापायी तासभर भांडण, मग दुरुस्तीचा ठराव. बोलताना मी कुणाला अडवत नाही. इतिवृत्त, करार, मृत्युपत्र असेल तर मात्र सोडत नाही.

माझी सवय साधी आहे. त्या जागी ‘पाठीमागे’ घालून वाचतो. अर्थ बसला तर परोक्ष. ‘डोळ्यांदेखत’ बसला तर अपरोक्ष. तरी शंका उरली तर ‘पाठीमागे’च लिहा, त्यात काही कमीपणा नाही. मोबाइलवर विसंबू नका. दोन्ही शब्द खरे आहेत, तो लाल रेघ कशाला मारेल?

वेदान्तातली दहाव्याची गोष्ट ऐकलीत तर फरक कायमचा लक्षात राहील. दहा जण नदी उतरतात, जो तो स्वतःला सोडून मोजतो, नऊच भरतात, सगळे रडू लागतात. वाटसरू म्हणतो, ‘दहावा आहे.’ हे ऐकून झालेलं ज्ञान परोक्ष. ‘तो दहावा तूच’ हे उमगलं की अपरोक्ष.

‘अदृष्य’ चूक, ‘अदृश्य’ बरोबर. ‘दृष्टी’तला ष इथे आणू नका.

हिंदीतला ‘परोक्ष कर’ तसाच उचलू नका. जीएसटी हा मराठीत अप्रत्यक्ष कर.

आणि ‘अदृष्ट’ जपून वापरा. शब्दशः ते न दिसलेलं, पण मराठी वाचक त्यातून नशीबच वाचतो. ‘अदृष्ट शत्रू’ लिहिलंत तर तो सीमेवरचा की कपाळावरचा, हे त्याला कळणार नाही.