पालेखच्या डबीवर रंगवताना काळं कसं राखावं

रशियातल्या पालेख गावची डबी हातात आली की बहुतेकांची नजर सोन्यावर जाते. रंगवायला बसणाऱ्याने मात्र आधी काळ्याचा विचार करावा. झाकणावरचं काळं लॅकर, म्हणजे चकचकीत रोगण, हीच चित्रातली रात्र, तेच आकाश, तीच जमीन. पालेखचे चित्रकार इवान गोलिकोव्ह यांच्या त्रोइका, म्हणजे तीन घोडे जुंपलेल्या गाड्यांची चित्रं, पाहा. घोडे, स्लेज, उधळलेला बर्फ आणि मधूनमधून मोकळं सोडलेलं काळं. ते भरून टाकलं तर घोडे जागीच थिजतील. म्हणून रेखाटन करताना मी आकृत्यांपेक्षा त्यांच्यामधल्या जागा जास्त वेळा तपासते.

डबी घडवणं हे वेगळ्या कारागिरांचं काम. पुठ्ठ्याच्या पट्ट्या पिठाच्या खळीने लाकडी साच्यावर गुंडाळतात, दाबतात, वाळवतात, जवसाच्या तेलात मुरवून भट्टीत तापवतात. चित्रकाराकडे येते ती तयार डबी, बाहेरून काळी आणि आतून बहुधा लाल. झाकणावर प्युमिस दगडाची बारीक पूड हलक्या हाताने फिरवून चकाकी मोडा, कारण गुळगुळीत लॅकरवर अंड्याचा रंग धरत नाही.

रंग बांधायला फक्त बलक लागतो. तो एका तळहातावरून दुसऱ्यावर घेत राहा आणि रिकामा झालेला हात दर वेळी पुसा. पांढऱ्याचा चिकटपणा गेला की चिमटीत उचलून खालून टोचा. आतला बलक वाटीत गळतो, पातळ पापुद्रा बोटांत राहतो, तो टाकून द्या. बलकात साधारण तेवढंच पाणी आणि थोडं व्हिनेगर घाला. पूर्वी आयकॉन, म्हणजे ख्रिस्ती धार्मिक चित्रं, रंगवणारे यासाठी क्वास हे आंबवलेलं रशियन पेय वापरत. रंगाची पूड आधी पाण्यात घोटून घ्या, मग हे मिश्रण मिसळा. एक फराटा वाळवून बोट फिरवा. पूड बोटाला लागली तर बलक कमी पडला. रंग काचेसारखा चमकू लागला तर जास्त झाला.

यानंतरची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. पालेखचे चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या आयकॉन रंगवत आले होते. 1917 च्या क्रांतीनंतर ते काम बंद पडलं, आणि 1924 मध्ये गोलिकोव्ह व त्यांच्या सोबत्यांनी सहकारी संस्था काढून लॅकरच्या डब्या रंगवायला घेतल्या. आयकॉनच्या फळीवर पांढरा लेप असतो, त्यामुळे पातळ रंगही त्यावर उजळून दिसतो. डबी तर काळी! मग तो उजेड आणायचा कुठून? त्यासाठी आकृतीपुरतंच पांढरं लावतात. रेखाटनाच्या कागदाला मागून खडूची पूड चोळून रेषा झाकणावर उतरवा आणि आकृत्या पांढऱ्याने भरा. हे पांढरं एकसारखं नको. कपाळ, गुडघा, घोड्याची मान, जिथे प्रकाश पडणार तिथे दाट; सावलीत इतकं विरळ की खालचं काळं जाणवावं. आकृतीला गोलाई निम्मी इथेच येते. घाई करायचीच असेल तर ती दुसरीकडे करा, इथे नको.

पांढरं वाळल्यावर खारीच्या केसांच्या टोकदार कुंचल्याने पातळ, पारदर्शक रंग वाहते ठेवा. एक थर वाळला की दुसरा. खालचं पांढरं वरच्या रंगातून दिसत राहिलं पाहिजे. फेदोस्किनो या दुसऱ्या रशियन गावची डबी याहून वेगळी. तिथे तैलरंग असतात आणि कधीकधी रंगाखाली शिंपला बसवतात, त्यामुळे ही रीत तिथे चालायची नाही.

सोनं शेवटी. बशी आणि हात साबणाने स्वच्छ धुवा, खिडक्या लावून घ्या. वर्ख श्वासानेही उडतो. बशीत अरबी डिंकाचं थोडं पाणी घेऊन त्यात एकेक वर्ख बोटाने घोटत राहा. कण डोळ्यांना दिसेनासे होईपर्यंत थांबू नका. मग पाणी घाला, सोनं तळाशी बसू द्या आणि वरचं पाणी अलगद ओता. हे सोनं अगदी बारीक कुंचल्याने लावा. वाळल्यावर ते मातकट दिसतं, पण घाबरू नका. पालेखला ते लांडग्याच्या दाताने घोटतात. दात फिरेल तसतशी रेष उजळत जाते. घोड्याच्या आयाळीत केसाएवढ्या रेषा पुरतात. कडेची वेलबुट्टी आकृत्यांवर मात करू लागली की हात आवरा.

गावाचं नाव, साल आणि स्वतःचं नावही सोन्यानेच घाला. मग पारदर्शक लॅकरचे थर द्या. एक थर पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका आणि वाळेपर्यंत डबी धुळीपासून झाकून ठेवा. झिलई अगदी शेवटी, सगळे थर कडक झाल्यावरच करा.