पात्र ‘बदललं’ असं म्हणण्याआधी

मालिकेच्या नव्या सीझनमध्ये आवडतं पात्र विचित्र वागलं की लगेच लेखकांवर तुटून पडू नका. आधी तो प्रसंग पुन्हा बघा, भाग आणि मिनिट टिपून ठेवा; नुसत्या आठवणीवर वाद घातला की संवाद हमखास चुकतो. मग तपासा: त्या क्षणी पात्राला नेमकं काय माहीत होतं? आपल्याला माहीत असलेलं त्याच्या माथी मारणं, ही सगळ्यात मोठी गफलत. अशाच पेचात ते आधी कसं वागलं होतं? आणि झपाटणं, शाप, स्मृती जाणं यांपैकी काही मालिकेच्या नियमांत बसतं का?

भुताखेतांची शिकार करणाऱ्या डीन आणि सॅम या भावांची अमेरिकी मालिका ‘सुपरनॅचरल’, तिचा सहावा सीझन (२०१०-११) घ्या. पाचव्या भागात व्हॅम्पायर डीनला रक्त पाजतो आणि सख्खा भाऊ सॅम नुसता बघत उभा, ओठांवर पुसटसं हसू! लेखन फसलं असंच वाटतं. सातव्या भागात कळतं, नरकातून सॅम परतला, पण त्याचा आत्माच परत आलेला नाही. म्हणून निदान अर्धा सीझन निकाल राखून ठेवा. कारण उघड झाल्यावरही जुने प्रसंग त्याच्याशी जुळत नसतील, तर दोष लेखनाचाच; तेव्हा बेधडक बोला. अभिनेत्याला मात्र यात ओढू नका, पटकथा त्याने लिहिलेली नसते.