पंख्याचे सहा बोल्ट: एम८ निवडताना

गेल्या वर्षी चतुर्थीनंतर पेडण्याचा एक मुलगा गोव्यातल्या माझ्या कुंडईच्या वर्कशॉपात आला आणि त्याने टेबलावर सहा काळेभोर एलन बोल्ट ओतले. डोक्यावर १२.९ कोरलेलं. "ताई, बाजारातले सगळ्यांत भारी आणलेत. आता पंखा कुठं जात नाही."

त्याच्याकडे दोन आसनी ट्राइक आहे, म्हणजे तीन चाकांचं, इंजिनावर उडणारं हलकं यंत्र. त्याला ओढणारा पंखा (प्रोपेलर) लाकडी. पावसाळाभर ती घराच्या पडवीत झाकून असते आणि दिवाळी झाली की ट्रकवरून घाटमाथ्यावर जाऊन तिथे उडते. बोल्ट मी पिशवीत भरून त्याला परत दिले. त्याचा चेहरा पडला, म्हणून त्याला बसवून सगळं समजावून सांगितलं. तेच इथे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. सेसनासारख्या प्रमाणपत्र असलेल्या विमानाला हे लागू नाही. तिथे पार्ट्स कॅटलॉगमध्ये जो नंबर असेल तोच बोल्ट आणि लायसन्स असलेल्या इंजिनिअरची सही, बस्स. मी बोलते आहे ती मायक्रोलाइट (अगदी हलकी छोटी विमानं) आणि ट्राइकबद्दल, आणि तिथेही पंखा बनवणाऱ्याची पुस्तिका माझ्या शब्दापेक्षा वरची.

बहुतेकांची समजूत असते की बोल्ट पंख्याला फिरवतो. तसं नाही. बोल्ट पंख्याचा हब (मधला भाग) फ्लँजवर, म्हणजे इंजिनाकडच्या फिरत्या चकतीवर, दाबून धरतो आणि पंखा फिरतो तो त्या दाबातून आलेल्या घर्षणाने. काही हबना ड्राइव्ह बुश (फ्लँजमधून हबच्या भोकांत शिरणाऱ्या नळ्या) असतात, ते आडवा भार उचलायला मदत करतात. पण बोल्टचं मुख्य काम दाबून धरण्याचंच.

हिशेब करून बघा. रोटॅक्स ९१२ चं ८० अश्वशक्तीचं इंजिन ५८०० फेऱ्यांवर, गिअरबॉक्स २.२७ ला १, म्हणजे पंखा मिनिटाला साधारण २५५५ फेरे घेतो. पंख्याच्या दांड्यावर टॉर्क (फिरवण्याचा जोर) येतो सुमारे २२३ न्यूटन-मीटर. बोल्टांचं वर्तुळ ७५ मिमी व्यासाचं असेल तर त्या वर्तुळावर ओढ होते साधारण ६०० किलोची. आता एम८ चा, म्हणजे ८ मिमी जाडीचा, बोल्ट कोरड्या आट्यांवर २० न्यूटन-मीटरला आवळला तर तो सव्वा टनाने दाबतो. सहा मिळून साडेसात टन. लाकूड आणि लोखंडातलं घर्षण त्याचा पाचवा भाग धरलं तरी दीड टन, म्हणजे गरजेच्या अडीच पट. ऐकायला भरपूर वाटतं. पण इंजिन सलग ओढत नाही, ठोके देतं, आणि प्रत्येक ठोक्याला ओढ सरासरीच्या कितीतरी वर जाते. दाब निम्मा झाला की पंखा फ्लँजवर केसभर पुढे-मागे घासू लागतो. असा हब मी एकदा उघडला आहे. लाकडाचा फ्लँजकडचा चेहरा तव्यावर राहिलेल्या पोळीसारखा काळा, भोकं लांबट, आणि बोल्टांच्या अंगावर लाल-तपकिरी भुकटी. बोल्ट एकही तुटलेला नव्हता. पंखा मात्र गेला.

म्हणून बोल्ट निवडताना विचारायचं ते हे, की योग्य दाब तो किती नीट धरून ठेवील.

आता डोक्यावरचे आकडे. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे तुटण्याची ताकद ८०० मेगापास्कल. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून पुढे शून्य लावा: ६४०, ही ताणून कायमचा लांब होण्याची हद्द. १०.९ साठी १००० आणि ९००, १२.९ साठी १२०० आणि १०८०. एम८ च्या आट्यांचं क्षेत्रफळ ३६.६ चौरस मिमी, म्हणजे ८.८ चा बोल्ट सव्वादोन टनांच्या पुढे वाढू लागतो. आपण त्याच्यावर सव्वा टन टाकतो आहोत. जागा पुरेशी आहे. त्यापेक्षा जास्त आवळलं तर आधी लाकूड चिरडतं, मग १२.९ ची ती जास्तीची ताकद कोणत्या कामाची? पुस्तिकेत ८.८ असेल तर ८.८ घ्या, १०.९ असेल तर १०.९.

१२.९ आणखी एका कारणाने नको. काळा बोल्ट आपल्या खाऱ्या हवेत एका पावसात गंजतो, मग कुणीतरी सुचवतं की झिंक प्लेटिंग करून आण. माझ्याकडे एकाने असे प्लेटिंग केलेले १२.९ चे बोल्ट आणले होते. मी नको म्हणत असतानाही त्याने ते बाकावरच्या फ्लँजला आवळून ठेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर एक डोकं फरशीवर पडलेलं. इंजिन नाही, पंखा नाही, कुणी हात लावलेला नाही. आम्लात धुताना आणि प्लेटिंग करताना हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि पोलाद जितकं कडक तितकं ते त्याने ठिसूळ होतं. तडा आत हळूहळू वाढतो आणि मग अचानक डोकं सुटतं. ८.८ ला हा धोका फारसा नाही. कारखान्यातूनच झिंक होऊन आलेला ८.८ बेलाशक वापरा.

"मग स्टेनलेस?" हा प्रश्न गोव्यात हटकून येतो, बोटीवाल्यांची सवय. ए२-७० लिहिलेला स्टेनलेस ४५० वरच लांब होऊ लागतो. एम८ साठी ती हद्द जेमतेम पावणेदोन टनांच्या आत. शिवाय स्टेनलेसचा नट स्टेनलेसवर मध्येच चिकटून बसतो, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरावर टिक वाजवणारा पाना) टिक करतो आणि दाब तयारच झालेला नसतो. आणि समुद्राच्या हवेत ए२ लाही खड्डे पडतातच. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं नसेल तर पंख्याला स्टेनलेस नको.

डोक्यावर आकडा आणि बनवणाऱ्याची खूण नसेल तो बोल्ट गेटच्या बिजागरीला लावा. गोणीतून निवडून घेऊ नका, बॅच नंबर असलेला बंद खोका मागा. आणि लेथवर करून द्या असंही कुणाला सांगू नका. माझ्याकडे लेथ आहे, आटे मी चांगले पाडते, पण पंख्याचा बोल्ट मी करून देत नाही. कारखान्यात आटे दाबून वळवलेले असतात, त्यामुळे मुळाशी पोलाद घट्ट राहतं. लेथवर ते कापलेले असतात, आणि ठोक्यांखाली तडा तिथूनच सुरू होतो.

सुताचा घोटाळा तर आमच्या धंद्यातला रोजचा. आठ सुतांचा एक इंच, म्हणून अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिमी. अमेरिकन विमानांचा एएन५ बोल्ट याच मापाचा. एम८ च्या भोकात तो बिनतक्रार जातो. त्याच्या बारीक आट्यांची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.०६ मिमी, एम८ च्या बारीक आट्यांची १.०, साध्या एम८ ची १.२५. १.०६ चा नट १.० च्या बोल्टवर काही फेरे चढतो आणि मग जड होतो. हाताला वाटतं की आवळला. म्हणून बोल्ट घेताना खिशात पिच गेज ठेवा. नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे (नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला नट, असेल तर त्या नायलॉनपर्यंत तरी), नाही फिरला तर तो जोडीचा नाही. माझे बाबा दाबोळीला नौदलाच्या विमानांवर काम करायचे. ते प्रत्येक नवा बोल्ट काचेवर लोळवून बघत, वाकडा असला तर उजेडाची फट हलते. मी अजून तसंच करते.

सगळ्यांत जास्त चुका होतात त्या लांबीत. त्या मुलाचंच माप घ्या. डोक्याखालचा वॉशर १.६, पुढची प्लेट ८, लाकूड ५०, फ्लँज ८, मागचा वॉशर १.६. एकूण ६९.२ मिमी. वर नायलॉक नट ८ आणि दोन आटे बाहेर, म्हणजे ७९.७. कुणीही म्हणेल, ८० चा बोल्ट घ्या. पण एम८ च्या अर्ध्या आट्याच्या बोल्टला २२ मिमी आटे असतात, म्हणजे ८० च्या बोल्टचा गुळगुळीत दांडा ५८ वर संपतो. लाकूड आणि फ्लँज भेटतात ते ५९.६ वर. जिथे घासण्याचा धोका, नेमके तिथेच आटे आले! मग ९० घ्यावा? त्याचा दांडा ६८ पर्यंत, नट सुरू होतो ६९.२ वर. मधे सव्वा मिमी, त्यातही आट्यांची अर्धवट सुरुवात. लाकूड थोडं आकसलं आणि तुम्ही परत आवळलं की नट दांड्याला जाऊन टेकतो. रेंच टिक करतो, पंखा मात्र सैलच. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून मला याची फार भीती वाटते. बरोबर उत्तर ८५: दांडा ६३ पर्यंत, सांध्याच्या पलीकडे, आणि नटाच्या अलीकडे सहा मिमी आटे शिल्लक. ८५ दुकानात सहसा नसतो, मागवावा लागतो. आठवडा थांबा. बाहेर येणारं शेपूट गिअरबॉक्सला लागत नाही ना, हे पंखा हाताने फिरवून बघा. फ्लँजलाच आटे असतील तर नट नसतो. तिथे डोक्याला भोक असलेला बोल्ट आणि ०.८ मिमीची लॉकवायर, वायर अशी की ती बोल्टला आवळण्याच्या दिशेने ओढेल.

बसवताना इग्निशन बंद, प्लगच्या टोप्या काढलेल्या. आटे स्वच्छ आणि पुस्तिका सांगेल तसे, कोरडे किंवा तेलाचे. कोरड्यासाठी दिलेला टॉर्क तेल लावून वापरला तर दाब सहज तिसऱ्या भागाने वाढतो आणि लाकूड चिरडतं. समोरासमोरचे बोल्ट घेत तीन टप्प्यांत आवळा. मग पात्याच्या टोकाला स्टूल टेकवून त्यावर खूण करा, दुसरं पातं तिथे आणा. फरक ३ मिमीच्या आत हवा. नायलॉक नट एकदाच वापरायचा. बोल्ट बदलायचे तर सहाही, आणि पंखा कशालाही आपटला असेल तर न बघता सहाही.

आता गोव्याचं खास. आवळलेला एम८ या लांबीत ताणला जातो जेमतेम ०.०९ मिमी, केसाच्या जाडीइतका. लाकूड दाबलं गेलेलं असतं त्याची थोडी उसळी सोडली तर सगळी पकड त्या केसभर ताणात आहे. आणि ५० मिमी लाकूड ओल्यातून सुक्यात गेलं की पाव मिमी आकसणं काही विशेष नाही. जून ते सप्टेंबर पडवीत लाकूड पाणी पितं, फुगतं, प्लेटखालचे तंतू चेपले जातात. मग ते घाटावर कोरड्या वाऱ्यात जातं. म्हणून त्या मुलाला सांगितलं, पावसाळ्यात बोल्ट सैल करून पंखा उतरव आणि घरात आडवा ठेव. वर गेल्यावर दोन दिवस हवा लागू दे, मग आवळ. पहिल्या उड्डाणानंतर बघ, दहा तासांनी बघ, पुढे दर पंचवीस तासांनी. बघताना नुसता रेंच लावून टिक ऐकू नकोस. पाव फेरा सैल कर आणि नव्याने आकड्यावर आण, कारण फुगलेल्या लाकडावर जास्तीचा दाब असला तरी रेंच टिकच करतो.

डिसेंबरात त्याचा वरून फोन आला. वर आवळल्यावर नट आणि फ्लँजवर मी सांगितलेली पिवळ्या रंगाची रेघ त्याने ओढली होती, ती सहाही ठिकाणी अखंड होती, म्हणून सगळं घट्ट आहे असं त्याने धरलं होतं. तरी सांगितल्याप्रमाणे सैल करून आवळलं, तर प्रत्येक नट जुन्या रेघेच्या एक पैलू पुढे गेला. एक पैलू म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग, १.२५ चा सहावा भाग ०.२ मिमी. नट हललेच नव्हते, त्यांच्याखालचं लाकूड गेलं होतं. मी त्याला जुन्या रेघा पुसून नव्या ओढायला सांगितल्या, आणि नटाबाहेर किती आटे दिसतात ते मोजून तारखेसह वहीत लिहायला सांगितलं. सहा दिसत होते.