क्रूझला लॅपटॉप न्यायचा का? आमच्या घरची तयारीची यादी

यादीतल्या एका शब्दावर आमचं घर आठ दिवस अडलं होतं. कपडे, औषधं, आधार कार्डं, आईंचा चष्मा, सगळं पटापट लिहून झालं. ‘लॅपटॉप’ लिहून मी पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि पेन खाली ठेवलं.

मी सांगलीत कर सल्लागार आहे. हळदीचे आणि बेदाण्याचे व्यापारी, दोन हार्डवेअरची दुकानं, एक छापखाना, अशी माझी कामं. आम्ही पाच जण: सासूबाई, हे, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी, सातवीतला मुलगा आणि मी. मुंबईहून गोवा, तिथून लक्षद्वीप आणि परत मुंबई, अशा पाच रात्रींच्या क्रूझचं बुकिंग केलंय. आईंनी समुद्र काठावरून पाहिलाय, त्यात कधी गेल्या नाहीत. त्यांच्यासाठीच हा घाट घातला.

प्रश्नचिन्ह पडण्याचं कारण मागच्या सहलीत आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही आंबा घाटातून गणपतीपुळ्याला गेलो होतो. ‘असू दे जवळ’ म्हणून मी लॅपटॉप घेतला. तिथे पोचल्यावर एका पक्षकाराचा फोन आला, ‘ताई, लॅपटॉप आहे ना सोबत? मग पाच मिनिटांचं काम आहे.’ त्या पाच मिनिटांत दोन्ही संध्याकाळी गेल्या. परत आल्यावर फोटो पाहिले, तर तीनच फोटोंत मी होते आणि तिन्हींत माझी मान खाली. मुलाने वाळूत सापडलेला शंख खोलीत आणून माझ्या कीबोर्डशेजारी ठेवला होता. तो तिथेच राहिला, हे मला गाडी साखरप्याच्या पुढे आल्यावर आठवलं. त्याने काही म्हटलं नाही, पण मला ते अजून लागतं.

म्हणून या वेळी सुरुवात तारखांपासून केली. माझ्यासारखं काम असणाऱ्यांनी बुकिंगच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघावं. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला कर, भरायचा, ११ ला जीएसटीची आर-वन, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, १५ ला पीएफ, २० ला थ्री-बी, म्हणजे जीएसटी भरायचं विवरणपत्र. मोकळी जागा उरते ती २१ पासून पुढच्या ६ पर्यंत, आणि त्यातही सगळे महिने सारखे नाहीत. जुलै-सप्टेंबर आयकर विवरणपत्रांचे, मार्च वर्षअखेरीचा, डिसेंबरच्या ३१ ला जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे ते चार महिने आपोआप गेले. मी नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा निवडला. मुलाची चार दिवस शाळा बुडेल, तेवढं त्याच्या बाईंना सांगून घेतलंय. तारीख नीट पडली की लॅपटॉपचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. ही सगळ्यात मोठी तयारी, आणि ती बॅग भरायच्या तीन महिने आधी करायची असते.

दुसरं काम कागदावरचं. जहाज कोणत्या दिवशी, किती तास जमिनीपासून लांब असणार, ते मी मुलीला काढायला सांगितलं. गोव्यात मुरगाव बंदराला लागलं की मोबाइल नेहमीसारखा चालेल. लक्षद्वीपमध्ये मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, लांब उभं राहतं आणि छोट्या बोटींतून बेटावर जायचं. त्या बेटांवर आधी सगळा संपर्क उपग्रहावरून होता. कोचीपासून समुद्राखालून टाकलेली ऑप्टिकल फायबर केबल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पण आपण बेटावर काही तासच असणार. खरा प्रश्न परतीचा. लक्षद्वीपमधलं अगत्ती बेट ते मुंबई हे अंतर सुमारे ९०० किलोमीटर. ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग धरला तरी तीस तास पाण्यावर. किनारा सोडून थोडं आत गेलं की टॉवरची रेंज तुटते, मग जहाजाचं वाय-फाय तेवढं उरतं.

हे वाय-फाय म्हणजे घरचं फायबर नव्हे. जहाजावरचं इंटरनेट उपग्रहावरून येतं. उपग्रह जुन्या पद्धतीचा, विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच असेल, तर तुमची विनंती वर जाऊन, खाली येऊन, उत्तर घेऊन परत यायलाच अर्धा सेकंद लागतो. पानं उघडतात, पण ऑफिसातला संगणक लांबून चालवायचा म्हटलं तर कर्सर मागे मागे राहतो. अलीकडचे उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यांच्यावर हा त्रास बराच कमी. आपल्या जहाजावर कोणती सोय आहे, पॅकेज एका उपकरणाचं की सगळ्यांचं, दिवसाचं की पूर्ण सफरीचं, हे बुकिंग करतानाच विचारा. आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकूनच वाय-फाय लावा. नाहीतर तो जहाजावरचं मोबाइल नेटवर्क पकडतो आणि त्या रोमिंगचं बिल फार येतं. आईंच्या साध्या फोनला हे विसरू नका, तो पर्समध्ये आपोआप नेटवर्क शोधत बसतो.

आता जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि जो माझ्याही लक्षात आधी आला नव्हता, तो म्हणजे ओटीपी. वाय-फायवर इंटरनेट येतं, बँकेचा एसएमएस येतो तो मोबाइलच्या नेटवर्कवरून. समुद्रात लॅपटॉप आहे, वाय-फायचे पैसे भरलेत, बँकेचं पान उघडलंय, आणि ओटीपी मात्र तुमच्या फोनपर्यंत पोचत नाही. काही फोनांत वाय-फाय कॉलिंग सुरू असलं तर एसएमएस येतातही, पण त्याच्या भरवशावर कुणाचं चलन ठेवू नये. शिवाय उपग्रहाचं इंटरनेट कधी कधी परदेशातल्या पत्त्यावरून जातं, आणि आपली बँकेची किंवा सरकारी संकेतस्थळं अशा पत्त्याला अडवू शकतात. म्हणजे लॅपटॉप सोबत असूनही नेमकं अडलेलं काम होईलच असं नाही. हे समजल्यावर माझ्या मनातला ‘असू दे जवळ’ बराच ढिला पडला.

मग मी एक वही घेतली आणि लॅपटॉपवर मी नेमकं काय करते ते आठवडाभर लिहिलं. पक्षकारांना उत्तरं देते, ते फोनवरही होतं. टॅलीतले हिशेब बघते, ते ऑफिसातल्या मदतनीस ताईंना माझ्याइतकंच येतं. विवरणपत्रं भरते, ती २० च्या आत होणार. राहिलं डिजिटल सहीचं डोंगल, लॅपटॉपला लावायची ती छोटी यूएसबी. ते लावल्याशिवाय कंपन्यांची कामं पुढे जात नाहीत. तेव्हा ठरवायचं होतं ते डोंगलचं. डोंगल सांगलीत राहिलं, तर लॅपटॉप नेला काय नि ठेवला काय, मला काम करताच येणार नाही. तुमचं काम वेगळं असेल, पण तुमच्याकडेही असं एखादं डोंगल असतंच: ऑफिसच्या सर्व्हरचा पासवर्ड, एखादी फाइल, सही. ते कोणतं आहे ते आधी शोधा.

ऑफिसची तयारी म्हणून १ तारखेलाच सगळ्या पक्षकारांना निरोप जाणार आहे: बिलं ८ तारखेपर्यंत हवीत. यात मी कुणाला सवलत देणार नाही, कारण आर-वन ११ ला गेली नाही तर नुकसान फक्त माझ्या पक्षकाराचं होत नाही. १४ ला समोरच्या खरेदीदाराची टू-बी, म्हणजे त्याला मिळणाऱ्या कराच्या वजावटीची यादी, तयार होते, त्यात ही वजावट दिसत नाही आणि तो माझ्या पक्षकाराला फोन करत बसतो. थ्री-बीला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, आणि कर बाकी असेल तर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. हे आकडे मी माणसांना निरोपातच लिहून पाठवते, मग बिलं येतात. मार्केट यार्डातले एक काका फोनवर म्हणाले, ‘पाच दिवस पाण्यात? आणि नोटीस आली तर?’ त्यांना सांगितलं, नोटिशीला उत्तर द्यायला मुदत असते, मी आल्यावर बघते. मी गेल्यावर काय करायचं, हे मदतनीस ताईंना एका कागदावर मराठीत लिहून देणार आहे, आणि गोव्याला जहाज थांबेल त्या दिवशी दुपारी एक फोन करणार आहे. तेवढा एकच.

मुलीचं मात्र वेगळं ठरलं. तिला प्रकल्पाचा अहवाल लिहायचाय, तो इंटरनेटशिवाय होतो, आणि कॅमेऱ्यातले फोटोही रोज उतरवून घ्यायचेत. तिचा लॅपटॉप १३ इंची, हलका. तो येणार. मी यावर बराच विचार केला. माझा ठेवायचा आणि तिचा न्यायचा, यात मला अन्याय दिसत नाही. तिचं काम ती सकाळी आम्ही उठायच्या आत करते आणि झाकण बंद करते. तिला ते जमतं, मला जमत नाही.

तर जो लॅपटॉप येणार त्याची तयारी. मोठ्या बॅगा बंदरावर आपल्या हातून घेतात आणि केबिनपाशी उशिरा पोचवतात, त्यामुळे लॅपटॉप, औषधं आणि कागदपत्रं खांद्यावरच्या पिशवीत. चार्जरची आपली जाड तीन पिन जहाजावरच्या सॉकेटमध्ये बसत नाही असं पुष्कळदा होतं. तिथे युरोपातली गोल दोन पिन किंवा अमेरिकेतली चपटी असते, म्हणून साधा अडॅप्टर घ्या. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका. जहाजावरच्या विजेची जोडणी घरासारखी नसते, त्यावर असे बोर्ड तापून आग लागण्याची भीती असते, आणि तपासणीत ते काढून घेतात. इस्त्री आणि किटलीचंही तसंच. केबिनमधली तिजोरी लहान असते, लॅपटॉप मावेलच असं धरू नका. टेबलाच्या कडेवर उघडा ठेवून जेवायला जाऊ नका, जहाज हललं की घसरतो. कपाटात खाली, स्वेटरात गुंडाळून ठेवा. एसीतल्या गार केबिनमधून एकदम दमट डेकवर नेला तर स्क्रीनवर आणि कॅमेऱ्याच्या काचेवर दव धरतं. पिशवीतून लगेच काढू नका, वीसेक मिनिटं जाऊ द्या. खारा वारा यंत्राला वाईट, पोहण्याच्या तलावाजवळ तर न्यायचाच नाही. घरून निघण्याआधी सगळे अपडेट करून घ्या आणि जहाजावर ते बंद ठेवा, नाहीतर विकत घेतलेला डेटा त्यातच संपतो. मुलाचे चार चित्रपटही घरीच उतरवून घेतलेत.

आणखी एक, पोटाचं. जहाज हलत असताना पडद्यावर वाचलं की मळमळतं. डोळ्यांना समोर स्थिर अक्षरं दिसतात आणि कानाच्या आतला तोल सांगतो की आपण हलतोय, दोन्हींचा मेळ बसत नाही. बिनखिडकीच्या केबिनमध्ये हे जास्त. ज्यांना आंबा घाटात गाडी लागते त्यांनी जहाजावर बसून काम करायचा बेत आखूच नये. गोळी कोणती आणि किती आधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठेवा, आईंच्या रक्तदाबाच्या औषधांमुळे मी ते विचारलंय. बाहेर येऊन क्षितिजाकडे बघत बसलं की बरं वाटतं. आईंनी स्वतःहून आलेपाकाच्या वड्या करायला घेतल्यात.

घरी राहणाऱ्या लॅपटॉपचीही तयारी असते, ती लोक विसरतात. आमचं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटातले आमच्या लग्नाचे अल्बम पाण्यात गेले. तेव्हापासून घरातली कोणतीही महत्त्वाची गोष्ट खाली राहत नाही, मग नोव्हेंबर असो की मे. माझा लॅपटॉप आणि एक हार्ड डिस्क वरच्या मजल्यावर, दुसरी हार्ड डिस्क विश्रामबागेत माझ्या भावाकडे. जहाजावरचे फोटो रोज रात्री मुलीच्या लॅपटॉपवर आणि एका पेन ड्राइव्हवर, आणि पेन ड्राइव्ह वेगळ्या पिशवीत.

बाकीचं थोडक्यात. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळवा, आईंच्या नावात फरक निघाला, दुरुस्त करायला चार दिवस गेले. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, तो कोण काढणार आणि कोणती कागदपत्रं द्यायची ते बुकिंगवेळीच विचारा. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघून सकाळी सीएसएमटीला उतरलं की जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. भडंगाचा डबा रेल्वेत संपवायचा, घरचं खाणं जहाजावर नेता येईल का ते आधी विचारायचं.

ज्यांना सुट्टीच रोज तासभर कामावर हजर राहायच्या अटीवर मिळते, त्यांनी लॅपटॉप न्यावा आणि मनाला लावून घेऊ नये. फक्त तो तास घरच्यांना आधी सांगा, आणि तो जेवणाच्या वेळेत किंवा बोटीने बेटावर जायच्या सकाळी नको. एखाद्या प्रकरणाची सुनावणीच त्या आठवड्यात असेल, तर लॅपटॉपवर विसंबू नका, जमत असेल तर सहलीची तारीख बदला. समुद्रातून सुनावणी करायची हिंमत मी करणार नाही.

यादीतलं प्रश्नचिन्ह काल रात्री खोडलं. शेजारी लिहिलं: मुलीचा नेणे, माझा वर ठेवणे, डोंगल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली मदतनीस ताईंकडे. मुलगा शेजारी बसून बघत होता. त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली एक ओळ वाढवली: शंख ठेवायला रिकामा डबा. तो डबा मी सकाळीच धुऊन माझ्या पिशवीत ठेवलाय.