एअर पिस्तुलच्या फ्रेमची चीर, टिग वेल्डिंगचा (टंगस्टनच्या टोकानं, गॅसच्या आडोशात करतात ते) माझा अनुभव

माझ्या १० मीटरवाल्या एअर पिस्तुलच्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेमला ट्रिगर गार्डच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर गेली. हिंगणा एमआयडीसीतले वेल्डरभाऊ पहिलेच म्हणे, हवेचा सिलिंडर, बॅरल सगळं काढून आणा मग बोलू, अन् फ्रेम ७०७५ नंबरच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची असेल तर हात नाही लावत, जोडाजवळच तडकते! कॅटलॉगात ६०६१ होतं, ते वेल्ड होते, म्हणून जमलं. चिरेच्या टोकाला बारीक होल मारलं म्हणजे ती पुढे सरकत नाही, मग चिरेवर व्ही आकाराची खाच घासली, अ‍ॅसिटोननं पुसलं अन् एसी करंटवर (दिशा पलटत राहते तो) ४०४३ नंबरची भरायची सळई वापरली. एसीच का, तर वरचा ऑक्साइड २००० डिग्रीच्या वर वितळते अन् आतला धातू ६५० च्या आसपासच पाणी, एसीनं तो थर फुटते. वेल्डच्या बाजूला टी-६ चा (कारखान्यात तापवून आणलेला) कडकपणा जातेच, म्हणून भर थोडा जाड ठेवला, घासून सपाट नाही केला. दिसाले बेकार आहे, पण चालून राहिलं मस्त.