घराचं बजेट फिनिशिंगमध्येच का फुटतं
सांगाडा उभा राहिला की वाटतं झालं आता, पण खरा खर्च पुढेच असतो. फरशी घेताना नुसता स्क्वेअर फुटाचा रेट बघू नका, सरळ लावली तर साधारण १० टक्के माल जास्त धरा, तिरकी लावली तर १५, आणि मोठ्या साइजची घेतली की खालचं लेव्हल एकदम परफेक्ट लागतं म्हणजे मजुरी वाढलीच. भिंतीच्या आतले पाइप, डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे हे वळवणारा व्हॉल्व्ह) मात्र चांगलेच घ्या, नंतर बदलायचे तर टाइल्स फोडाव्या लागतात (आणि तीच शेड परत मिळेलच असं नाही, एखादा बॉक्स जपून ठेवा). रंग, हँडल, दिवे सुरुवातीला साधे चालतात. अर्ध्या कामात मन बदललं तर तोडफोडीचे पैसे वेगळे, म्हणून ऑर्डरआधीच सगळं फायनल करून टाका.