तेल बदलताना: कोलेस्टेरॉल आणि आतड्यातले जिवाणू

कोलेस्टेरॉल वाढलं की पहिली कुऱ्हाड तेलावर पडते. पण लोणी बंद करून त्या जागी मैदा-साखर आली, तर एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) जेमतेम उतरतं आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढतात. त्यामुळे कमी काय केलं याइतकंच, बदल्यात काय आलं हेही पाहा.

आधी मोजमाप. संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) रोजच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत हवेत. २००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा २२ ग्रॅम होते. एका मोठ्या चमच्यात लोण्यातून सुमारे ७ ग्रॅम जातात, खोबरेल तेलातून १२, ऑलिव्ह तेलातून २. दोन चमचे खोबरेलातच दिवसाचा वाटा संपला! तेल बाटलीतून थेट ओतू नका, चमच्याने घ्या. अंदाज नेहमी कमीच धरला जातो.

संपृक्त मेद जास्त झाले की यकृताची एलडीएल ओढून घेण्याची ताकद मंदावते आणि ते रक्तात रेंगाळतं. सूर्यफूल, सोयाबीन, अक्रोड, जवस यांतले असंपृक्त मेद त्या जागी आणले, तर एलडीएल उतरतं.

आता जिवाणू. यकृत कोलेस्टेरॉलपासूनच पित्ताम्लं (पित्तातली, मेद पचवायला मदत करणारी आम्लं) बनवतं. त्यांतली जवळपास ९५ टक्के लहान आतड्याच्या टोकाकडून पुन्हा यकृताकडे परततात. उरलेली मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांचं रूप पालटतात. दुधातल्या मेदावर पोसलेल्या उंदरांत पित्ताची घडण बदलून बिलोफिला वड्सवर्थिया हा जिवाणू फोफावला, करडई तेलावर पोसलेल्यांत नाही. (उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावू नये, हे आलंच.)

म्हणून तेलाच्या जोडीला विद्राव्य तंतू (पाण्यात विरघळणारं फायबर) घ्या. पाण्यात भिजवलेल्या ओट्सना जो चिकट बुळबुळीतपणा येतो, तो बीटा-ग्लुकन या अशाच तंतूचा. तो पित्ताम्लं धरून शौचावाटे बाहेर नेतो. मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल खेचतं. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन हवं, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स. एकदम सुरू केलं तर पोट फुगतं. पाव वाटीपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत वाढवा, पाणीही वाढवा.

जवसाचं तेल तापवू नका. गडद बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा. रंगासारखा उग्र वास आला की टाकून द्या. वेष्टणावर ‘अंशतः हायड्रोजनीकृत’ दिसलं, तर पुढे शून्य ट्रान्स फॅट लिहिलेलं असलं तरी तो पदार्थ घेऊ नका.

सहा ते आठ आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करा. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) चालू असेल तर आकडा सुधारला म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही.